माझ्या पोटातले गाव

मित्रांनो, या खोलीत तुम्ही खडू शोधायला आला असाल, तर घटकाभर थांबा. मोडक्या बाकांच्या मागे, गुंडाळलेल्या सतरंजीशेजारी जो मळका काळा खोका दिसतो आहे, तो मी. म्हातारा संगणक. तुम्ही म्हणाल, संगणकाचे कसले वय? आमच्यात बारा वर्षे झाली की नव्वदी गाठली असे समजतात.

वजिराबाद भागातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. तेथून ऑटोने मी नांदेडच्या या महाविद्यालयात आलो. आम्ही वीसजण होतो. आमच्यासमोर नारळ फुटला, प्रत्येकाच्या पडद्याला हळदकुंकू लागले. पुढची काही वर्षे मुले माझ्यावर टंकलेखन शिकली, त्यांनी परीक्षेचे अर्ज भरले, निकाल पाहिले. काही जण माझ्यासमोर नाचले, काही खुर्चीवरून उठलेच नाहीत. "हा कधी अडकत नाही," असे सगळे म्हणत. या एका कौतुकावर मी फार फुगून गेलो होतो.

त्याच कौतुकामुळे मनस्विनीने मला निवडले. ती शिक्षकाच्या घरातली मुलगी, पीएच.डी. करत होती. प्रयोगशाळेत नवे, झटपट चालणारे संगणक आले होते, तरी ती रोज सकाळी येऊन माझ्याच समोर बसे.

तिचा विषय असा होता. माणसे एकमेकांवर कशी अवलंबून असतात आणि एखाद्याच्या शब्दाला वजन कोठून येते, हे तिला गणितात मांडायचे होते. त्यासाठी ती माझ्या पोटात छोटी छोटी माणसे तयार करी. त्यांना ती एजंट म्हणे. विम्याचे नव्हेत, पडद्यावरचे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला काहीतरी हवे असे आणि प्रत्येकाला काहीतरी करता येई. जे हवे ते स्वतःला करता येत नसेल, तर ज्याला करता येते त्याच्याकडे त्या ठिपक्यातून एक बाण निघे.

ठिपके नुसते कल्पनेतले नकोत, म्हणून तिने निलंगा तालुक्यातले एक गाव घेतले. त्या गावाचे नाव तिने माझ्यात कोठेही लिहिले नाही, म्हणून मीही सांगणार नाही. तेथे टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा सुटे. वरच्या गल्लीला मुबलक, मधल्या गल्लीला बेताचे. खालच्या गल्लीतल्या बावीस घरांना मात्र पंधरा दिवस वाट पाहावी लागे.

मनस्विनी गावात जाऊन माणसांचे बोलणे मोबाइलवर टिपून आणी आणि माझ्यासमोर बसून ते ऐकत ऐकत लिहून काढी. खालच्या गल्लीतल्या पंचफुलाबाईंचा आवाज मी असाच पहिल्यांदा ऐकला.

"करंगळीएवढी धार येती, बाई. तेवढ्यात बी भांडणं."

"मग तुम्ही कुणाला सांगत नाही?"

"रामलिंगला सांगते की. वॉल त्योच फिरवतो. त्यो म्हनतो, अध्यक्षसाबला सांगा. आन् अध्यक्षसाबच्याच रानात मी खुरपाय जाते. तोंड उघडलं आन् उद्या बलावलं न्हाई तर?"

अध्यक्षसाब म्हणजे हणमंतराव. वरच्या गल्लीतले, पाणी समितीचे अध्यक्ष. आणि रामलिंग हा अठरा वर्षे टाकीचे वॉल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, चावीने उघडझाप करणारा माणूस. त्याला दरवर्षी कामावर ठेवायचे की नाही, हे हणमंतराव ठरवीत.

पडद्यावर हे सारे उमटले तेव्हा चित्र विचित्र दिसले. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून एक बाण रामलिंगकडे जात होता. रामलिंगकडून एकच जाड बाण हणमंतरावांकडे निघत होता. हणमंतरावांच्या ठिपक्याभोवती मनस्विनीने एक पिवळे वर्तुळ काढले होते. ते त्यांच्या पदाचे वर्तुळ. जितकी माणसे त्यांना अध्यक्ष मानतील, तितके ते मोठे.

मग तिला समितीच्या कागदांत एक गोष्ट सापडली. हणमंतरावांची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती. नवी समिती कोणी नेमली नव्हती. कागदावर ते कोणीच नव्हते, आणि तरीही ते वर्तुळ पडद्यावर सर्वांत मोठे होते.

तिने मला एक हिशेब घातला. रामलिंगने आणि खालच्या बावीस घरांनी त्यांना अध्यक्ष मानणे सोडले तर? मी उत्तर दिले. वॉल फिरवणाराच ऐकेनासा झाल्यावर बाकीच्या घरांनाही त्यांना मानायचे कारण उरले नाही; वर्तुळ आक्रसत आक्रसत गेले आणि टिंब होऊन विझले. तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर मागे उभे होते. "वा!" ते म्हणाले. "याच्यावर प्रबंध उभा राहतोय बघ, मनस्विनी." मलाही आपण काही मोठे केले असे वाटले.

चित्र बरोबर आहे का, हे तपासायला तिने रामलिंगला नांदेडला बोलावले. पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा माणूस. चप्पल दाराबाहेर काढून तो आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला.

"ह्ये सगळे बाण माझ्याकडं?" त्याने विचारले.

"हो. सगळं गाव तुमच्यावर अवलंबून आहे, रामलिंगकाका."

तो हसला. "मंग कुनी चहाला बी कसं इचारत न्हाई मला?"

तिने जाड बाण दाखवला, पिवळे वर्तुळ दाखवले आणि मुदत संपल्याचेही सांगितले. त्याचे हसणे थांबले.

"म्हनजी त्ये अध्यक्ष न्हाईतच?"

"कागदावर नाहीत. सगळे मानतात, म्हणून आहेत."

मग तिने ते वर्तुळ विझवून दाखवले. रामलिंग पुढे वाकला. "पुन्यांदा दाखवा." तिने पुन्हा दाखवले. "आजून एकडाव." तिने तिसऱ्यांदाही दाखवले. उठताना त्याने माझ्या पडद्याला हात लावून नमस्कार केला, देवाच्या तसबिरीला करावा तसा.

मित्रांनो, त्याला 'असे करा' असे मनस्विनी म्हणाली नाही. पण 'करू नका' असेही म्हणाली नाही. आणि मी? मला विचारले तेवढेच मी सांगतो.

एप्रिलच्या सुरुवातीला पंचफुलाबाईंचा फोन आला. मनस्विनीने तो टेबलावर ठेवून मोठ्याने लावला. "लेकी, सकाळच्या पारी दोन तास पानी आलं गं! रांजन भरला, घागरी भरल्या. गल्लीतल्या समद्या लेकरायला आंगुळी घातल्या!" मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मनस्विनी उठून खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ आपल्याशीच हसत राहिली.

चार दिवसांनी रामलिंगचा फोन आला. त्याचा आवाज सपाट होता.

हणमंतरावांनी चावडीसमोर गाव गोळा केले होते. 'खालचा वॉल कोणाच्या हुकमाने उघडलास?' असे त्यांनी विचारले. रामलिंग सरळ म्हणाला, 'तुमची मुदत सरली, साब. तुम्ही आता अध्यक्ष न्हाईत.'

"मग? चिडले का ते?" मनस्विनीने विचारले.

"न्हाई हो. चिडले असते तर बरं झालं असतं. त्ये उठले आन् समद्याकडं बगून म्हनले, ज्याला मी अध्यक्ष म्हनून नको, त्यानं हात वर करा."

"मग?"

"कुनीच न्हाई केला, मॅडम. खालच्या गल्लीनं बी न्हाई. ह्यो त्याच्याकडं बगतोय, त्यो ह्याच्याकडं. म्या एकल्यानंच वर केला."

पडद्यावर ते चित्र अजून उघडेच होते.

"तुमच्या कंप्यूटरमदी ते गोल बारीक झालं व्हतं, मॅडम," तो म्हणाला. "हितं न्हाई झालं."

चावी त्याच दिवशी दुसऱ्याच्या हाती गेली. खालच्या गल्लीची पाइपलाइन दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाली आणि बंदच राहिली. बायका ऐन उन्हाळ्यात दीड कोस चालून एका शेतातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. रामलिंगला गावात काम मिळेना. तो बायकोला घेऊन नांदेडला आला आणि एका अपार्टमेंटच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला.

मनस्विनी पुन्हा गावात जाऊन आली. या वेळी तिने आणलेले बोलणे थोडेच होते. पंचफुलाबाई म्हणत होत्या, "मी बी हात उचलला व्हता, लेकी. पदराच्या आत. बाकीचे उचलतेत का ते बगत व्हते." त्यानंतर आणखी सात बायकांचे आवाज होते. शब्द थोडे इकडेतिकडे, पण सगळ्यांचे म्हणणे हेच.

ते ऐकून ती डोके धरून बसली. तिने प्रत्येक ठिपक्याला काय हवे ते मला सांगितले होते, काय करता येते ते सांगितले होते. पण शेजारचा काय करील याविषयी त्याच्या मनात काय आहे, हे सांगायचे राहून गेले होते. आता तिने तेही घातले. मी तोच हिशेब शंभर वेळा केला. शहाण्णव वेळा वर्तुळ जागचे हलले नाही. रामलिंगचा ठिपका मात्र त्या प्रत्येक वेळी एकटा पडला.

तिने यावर एक नवे प्रकरण लिहिले. त्यात आपली चूकही लिहिली, चावी गेल्याचे लिहिले, पदराआडच्या हातांचे लिहिले. व्यंकटराव सरांनी ते माझ्याच पडद्यावर वाचले. सर माणूस म्हणून वाईट नव्हते; त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मोठं काम केलंस," ते म्हणाले. "पण हे जोडलंस, तर आधीचा निष्कर्षच पडतो. परीक्षक आणखी दोन वर्षांचं काम मागतील. आणि आपल्यामुळं एका माणसाची रोजी गेली, हे आपणच छापायचं? मी यावर सही करू शकत नाही."

"सर, पण खरं हेच आहे."

"मी कुठं खोटं म्हणतोय?"

सर गेल्यावर तिने एक कोरे पान उघडले. त्यावर एक ठिपका काढला आणि त्याला स्वतःचे नाव दिले. दुसरा ठिपका सरांचा. मधला बाण काढायला तिला जरा वेळ लागला. काही क्षण पाहून तिने ते पान न साठवता बंद केले.

आठवड्याने तिने ते प्रकरण प्रबंधातून काढले. सही झाली, पदवी मिळाली. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या, हार आला. ती सगळ्यांना नमस्कार करत होती, पण माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

पुढच्याच आठवड्यात रामलिंग आला. अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मॅडम डॉक्टर झाल्याचे त्याला कोणाकडून तरी कळले होते. त्याने स्वतः पुडा उघडून तिच्यापुढे धरला.

"त्या पुस्तकात माझं नाव हाय का हो?" त्याने विचारले.

"नाव बदललंय. पण तुम्ही आहात."

"काय लिवलंय?"

मनस्विनीने पेढा हातात तसाच धरला होता. "तुम्ही वॉल फिरवला. आणि खालच्या गल्लीला पाणी आलं."

"आन् मंग?"

"तिथंच संपतं, काका."

त्याने जरा विचार केला. मग मान हलवली. "मंग खरंच हाय की. दोन तास आलं व्हतं."

तो गेल्यावर तिने पेढा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड लपवले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात नोकरी लागून ती गेली. जाताना एवढेच सांगून गेली, की या संगणकातले काही पुसू नका. ज्याला सांगितले, तोही बदली होऊन गेला. माझा पंखा बिघडला तो कोणी दुरुस्त केला नाही, आणि मग मला उचलून या खोलीत आणून ठेवले. त्यालाही दोन उन्हाळे झाले. आता या खोलीतले सामान मोडीत काढायचे ठरले आहे. ज्यांत सारे साठवलेले असते त्या आमच्या पोटातल्या तबकड्या आधी फोडतात, असे ऐकतो.

मित्रांनो, मला पुन्हा झळकवा असे मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण माझ्या पोटात एक प्रकरण आहे, जे कोठेही छापलेले नाही. फोडण्याआधी कोणीतरी मला एकदा चालू करा आणि ते वाचा. रामलिंगला शोधा आणि पाणी आल्यानंतर काय झाले तेही लिहिलेले आहे, एवढे त्याला सांगा.

आणि तुम्ही मोठे व्हाल, माणसांचे हिशेब मांडाल, तेव्हा माझ्यासारखे विचारले तेवढेच सांगून गप्प बसू नका. उत्तर चुकले तर तुमचा नुसता कागद फाटेल, पण दुसऱ्या कोणाची तरी चावी जाईल. एखाद्या दिवशी तुमच्याही समोर कोणीतरी उभे राहील आणि हात वर करायला सांगेल. त्या वेळी शेजाऱ्याकडे बघत थांबू नका. तो बिचारा तुमच्याकडेच बघत असतो.