गुलाबी नळी

मी एक जुने पिस्तूल आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्या हातून आजवर एक माशीही मेलेली नाही. माझ्या मुठीत थोडा गॅस भरतात, मिऱ्याएवढे प्लास्टिकचे छर्रे घालतात आणि डोळ्यांवर जाड चष्मा चढवून कागदावरच्या वर्तुळावर नेम धरतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते एका कवळ्या बनवणाऱ्याच्या घरी. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे मापे पाठवत आणि हा गृहस्थ घराच्या मागच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी पावडर यांतून लोकांच्या हिरड्या घडवी. त्याने मला लेकीच्या वाढदिवसाला आणले. सुट्टीच्या दिवशी बापलेक गच्चीवर तासन् तास नेम धरत. तिचा छर्रा मधोमध लागला की तो असा ओरडे की आई जिन्यातून म्हणे, "अहो, गल्ली गोळा कराल! पोरीनं कागद फोडलाय, डोंगर नाही." त्या दिवसांत माझी मिजास काही विचारू नका.

मग लेक शिकायला परगावी गेली आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो. त्या काळात आई आजारी पडली. मला कपाटातून खोकला ऐकू येई, औषधांचा वास येई. लेकीला कोणी कळवले नाही. ती आली तेव्हा आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

शिक्षण संपवून लेक बापाजवळ परत आली खरी, पण दोघांत विस्तव जात नव्हता. "जेवण झाकून ठेवलंय." "पाणी गेलंय." एवढेच शब्द त्या घरात उरले होते. कपाटातल्या मला त्या शांततेची भीती वाटे.

एका दुपारी तिने मला बाहेर काढले. का काढले कोण जाणे. गॅस अडवणारे माझे रबर वाळून कडक झाले होते. तिने हौसेने शिलाई मशीनचे तेल ओतले, आणि तिथेच घात झाला. त्या तेलाने रबर फुगले, छर्ऱ्यापर्यंत गॅस नेणारी माझ्या पोटातली नळी अडकली आणि तिने जोर लावताच नळीचे टोक तुटले. तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि निघून गेली.

संध्याकाळी बापाने मला उघडले. बोट आत घालून वास घेतला.

"तेल कुणी घातलं यात?"

"मी."

"मशीनचं?"

"घरात तेच होतं."

"अगं, रबराचा शत्रू आहे ते." मग तो म्हणाला, "बघू. मागच्या खोलीत ये. दिवा धरायला कुणीतरी लागेल."

अशी माझी दुरुस्ती सुरू झाली. तसली नळी बाजारात मिळेना, म्हणून त्याने तुटके टोक मेणाने पुरे केले, त्यावर प्लास्टरचा साचा घेतला, गुलाबी पावडर आणि ती घट्ट करणारे औषध कालवून साच्यात दाबले आणि साचा पाण्यात उकळला. निघाली ती हिरडीसारखी गुलाबी नळी. लेक बघून म्हणाली, "आता हे चावायला लागलं म्हणजे झालं!" बाप हसला. किती दिवसांनी हसला, ते मीच जाणे.

पण नळी केसभर आखूड निघाली. गॅस फुस्स करून बाजूने निसटला. "उद्या बघू," तो म्हणाला. दुसरीही आखूड, तिसरीही तशीच. मित्रांनो, ज्याने जन्मभर लोकांच्या तोंडात न टोचणाऱ्या कवळ्या घडवल्या, त्याचा हात असा पुन्हा पुन्हा चुकेल? मला पहिल्यांदा राग आला, मग उमगले. नळी बसली असती तर लेक त्या खोलीत कशाला आली असती?

एकदा मात्र सवयीने त्याचा हात बरोबर पडला. छर्रा थेट भिंतीवर आदळला. "चला, झालं तुझं काम," तो म्हणाला आणि दिवा मालवला. पुढचे काही दिवस घरात पुन्हा जेवण झाकलेले आणि पाणी गेलेले. मग लेकीने गुपचूप मला उघडले, पकडीत नळी धरली आणि कडकन मोडली. माझा जीव कळवळला, पण सांगू कोणाला?

"परत गेली, बाबा."

त्याने तुकडा दिव्याखाली धरला. पकडीचे दात त्यावर स्पष्ट उमटलेले होते. "हं," तो म्हणाला, "माल कच्चा राहिला असेल."

त्याच संध्याकाळी नळी घासता घासता, मान वर न करता लेकीने विचारले, "मला का नाही कळवलंत?"

"तुझी आई म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ दे."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. चुकलं माझं."

तिचा हात थांबला. ओठ हलले. मला वाटले आता बोलेल. पण ती पुन्हा घासू लागली. उद्याची नळी होतीच ना!

पावसाळा सरता सरता बापाला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. तो खाटेवरून डाव्या हाताने खुणा करी, जड जिभेने सांगे आणि लेक नळी घडवी. शेवटी एक नळी तिला अशी साधली की बापालाही साधली नसती. तिने गच्चीवर जाऊन छर्रा मारला. मधोमध लागला. ती मला घेऊन धावत खाली आली.

"बसली?" त्याने विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. "नाही, बाबा. जराशी आखूड आहे."

अर्ध्याच ओठांनी तो हसला. "उद्या बघू."

ती खाटेच्या कडेला थोडा वेळ बसून राहिली. काहीतरी सांगायचे होते तिला. मग तिने पांघरूण नीट केले आणि दिवा मालवला. पहाटे ती चहा घेऊन गेली तेव्हा तो गेलेला होता.

लोक येऊन गेले. घर रिकामे झाल्यावर ती मागच्या खोलीत आली, मला त्याच्या टेबलावर ठेवले आणि माझ्यासमोर बसून रडत म्हणाली, "राग नव्हता हो, बाबा. केव्हाच नव्हता."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा. रबराला योग्य ते तेल द्या, वर्षानुवर्षे कपाटात कोंडू नका. आम्ही मोडलो तर आमच्यात दुसरी नळी बसते. पण घरातल्या कोणाला काही सांगायचे राहिले असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी उठा आणि सांगून या. तिचे ते वाक्य ऐकायला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि ते माझ्यासाठी नव्हते.