सोळांपैकी एक

समांतर संगणन, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून एकाच वेळी करणं, हा विषय चालू राहणार की बंद पडणार, हे आज ठरणार होतं. डीनबाईंना प्रात्यक्षिक पटलं नाही, तर लॅबमधले सोळा प्रोसेसर दुसऱ्या विभागाला जाणार आणि मी टाइप करायला शिकवणार. वर्गात उरली होती पाच पोरं. बाकीची सोप्या विषयांकडे पळाली, आणि त्यांना तरी काय दोष द्यायचा? उरलेल्यांत चिमणी सगळ्यांत हुशार. तोंडाचा पट्टा अखंड चालू म्हणून हे नाव.

तापलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते, हे तिचा प्रोग्राम काढायचा. काम सोळा प्रोसेसरांत वाटलेलं, त्यामुळे उत्तर चुटकीसरशी आलं. डीनबाई म्हणाल्या, "पुन्हा चालवा." पुन्हा चालवलं, तर शेवटचे दोन आकडे वेगळे.

"एकाच गणिताची दोन उत्तरं?"

"दोन्ही बरोबर आहेत, मॅडम," मी समजावलं. "ज्या प्रोसेसरचं काम आधी संपतं, त्याचा आकडा बेरजेत आधी धरला जातो. प्रत्येक बेरजेत शेपटाकडचे आकडे थोडे छाटावे लागतात. क्रम बदलला की शेपूट बदलतं. पत्र्याला त्याचं सोयरसुतक नसतं."

"सर, दोन आणि दोन चारच होतात ना?" डीनबाईंनी विचारलं.

पालथ्या घड्यावर पाणी! इतकी वर्षं हेच ओततोय मी.

"चहा घेऊन येते. तोवर दुरुस्त करा," म्हणत बाई गेल्या.

"प्रोग्राममधलं एक अक्षर बदलायचं नाही," मी पोरांना बजावलं. "बरोबर असलेलं दुरुस्त कसलं करायचं?" आणि बाईंच्या तोंडावर मारायला एखादं जाडजूड पुस्तक आणावं म्हणून माझ्या खोलीकडे धावलो. नेमकं हवं तेव्हा ते कुठलं सापडायला!

शेवटी पुस्तक घेऊन परतलो, तर लॅबमध्ये टाळ्या चालल्या होत्या.

"तीनदा चालवलं, तिन्ही वेळा तेच उत्तर!" डीनबाई खूश होत्या. "वेळ जरा जास्त लागला, पण अचूक काम म्हटलं की वेळ लागायचाच. तुमचा विषय चालू राहील, सर."

मी पडद्याच्या कोपऱ्यातली कामाची नोंद पाहिली. पंधरा प्रोसेसर ढिम्म बसून राहिले होते. एकटाच राबला होता.

"अगं, हे काय केलंस?" मी चिमणीला हळूच विचारलं.

"अक्षर नाही बदललं, सर. चालवताना सोळाऐवजी एक सांगितलं, बस. एकटाच बेरीज करणार, मग क्रम कसा बदलेल? तुम्हीच तर शिकवलंत." ती पहिल्यांदाच एवढंच बोलून थांबली. "विषय वाचला ना, सर?"

मला ओरडायचं होतं. पण पोरीचं काय चुकलं होतं? माझं बोलणं वर्षभरात हिलाच तेवढं कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तिला हे सुचलं. इतकं हरल्यासारखं मला विषय बंद पडून वाटलं नसतं.

डीनबाई दारातून वळल्या. "पुढच्या वर्षी सगळ्या पोरांना हे असंच शिकवा हं."

"हो, मॅडम," मी म्हणालो.