अडकित्त्यावर तांबं

ज्ञानेश्वरला दुपारी हळद लागायची होती आणि त्याच्या हाती द्यायचा अडकित्ता अजून बरणीतच होता. हळद लागली की नवरदेवाने हातात लोखंड धरायचं, ते लग्न लागेपर्यंत सोडायचं नाही, ही घरची रीत. अडकित्ता त्याच्या वडिलांचा, वामनरावांचा. ते गेले तेव्हापासून देवळीत पडून गंजलेला.

"खामगावातून नवा आणा," जनकाआत्या सकाळी पाहुण्यांसमोर म्हणाली होती.

"काही गरज नाही. बाबांचाच चमकवून देते," असं थोरली बहीण पुष्पांजली बोलून बसली, आणि आता मागच्या पडवीतून उठेना.

बरणीत व्हिनेगर आणि मीठ. टॉर्चच्या सेलांच्या एका टोकाला सोललेली तांब्याची तार, दुसऱ्या टोकाला अडकित्ता, म्हणजे तारेचं तांबं त्यावर चढेल. आधी खिळ्यावर करून पाहिलं होतं. तांबं छान चढलं होतं. अडकित्ता तर तिने राखेने, साबणाने, सोड्याने घासला होता, पाणी त्यावर थेंब न धरता सपाट पसरेपर्यंत. पाती गुलाबी झाली, पण दांडे जागोजागी काळेच. तिने तार हलवली, सेल बदलले, पुन्हा डोकावली.

"काऊन व ताई, मले हळद लागू देतं का नाही?" ज्ञानेश्वर दारातून ओरडला. "बाया गाणे म्हनून म्हनून थकल्या."

"लोखंडाचं लोनचं मुरून राह्यलं बाप्पा, थांब जरासा," मागून जनकाआत्या.

पुष्पांजलीने अडकित्ता बाहेर काढला. काळे डाग लांबट होते, एकाखाली एक. बोटांसारखे.

"आई, तू हात लावला का याले?"

"हाव," आशाबाई म्हणाल्या. "तू सेल आनाले गेली तवा. कोरडं पडलं होतं, तेलाचं बोट फिरवलं. लोखंड कोरडं ठेवतेत का?"

"तेलावर तांबं चढत नाही व आई!"

"मंग सांगाचं नाही का? लग्न होऊन आली तवापासून तुहे बाबा जाईपर्यंत मीच तेल लावत होती त्याले."

पुन्हा घासायला वेळ नव्हता. जनकाआत्याने अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "अन् हे काय व पोरी? हाती लोखंड द्याचं असते. तू तर त्याले तांब्यात बुडवलं."

पुष्पांजलीने बरणीकडे पाहिलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आशाबाईंनी अडकित्ता काढून घेतला, ज्ञानेश्वरला पाटावर बसवलं आणि त्याची बोटं धरून काळ्या डागांवर टेकवली. "इथं लोखंड आहे. इथंच धर."

बायांनी हळदीचं ताट पुढे ओढलं.

पुष्पांजली मात्र भावाच्या मुठीवरून नजर काढेना. तांबं पातळ होतं. जोराने घासलं तर निघणार, हे तिला ठाऊक होतं. पहिला हळदीचा हात फिरला, ज्ञानेश्वरला गुदगुल्या झाल्या आणि त्याने मूठ आवळली.

"दाबू नको बे," ती पुटपुटली. "हळू धर."