चांदीखालचं पित्त

कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि अकोल्याचे आमचे व्याही खुशालराव यांचे पाय जमिनीला लागेनात. साता समुद्रापलीकडे कोणी तरी लढतंय, तिकडचा कापूस अडलाय, म्हणून यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या! त्यांचा निरोप आला, 'तुमच्या लेकीले महारोग झाला, घेऊन जा. देवीदासाचं दुसरं लगीन करून राहिलो.'

मी अमरावतीहून गाडी जुंपली.

तिसऱ्या दिवशी मोर्णेकाठच्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माझी जमुना सोप्यात वेगळी बसवलेली. अंगावर मात्र चांदी तशीच, कंबरपट्टा अन् दंडात रुतलेल्या वाक्या. त्यांच्या कडेनं लालभडक गांधी उठलेल्या.

"रोगी म्हणता, मंग चांदी कावून काढली नाही?"

"वाटेवरून लोक पाहतात," विहीण म्हणाली. "आमची सून लंकेची पार्वती दिसावी का?"

"विहीणबाई, हे पित्त हाये. मी तरणी होती तवापासून मले उठते. लग्नात तुमचे पाय धुतले तवाही उठलं होतं. एका हातानं पाय धुवत होती, दुसऱ्यानं पदराखाली खाजवत होती."

विहिणीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. आता ओढून काय फायदा?

मी कंबरपट्टा सोडला, वाक्या काढल्या, गेरू पाण्यात कालवून पोरीच्या अंगाला फासला, वर घोंगडी दिली. तुपात मिरपूड घालून चाटवली. म्हटलं, "सांजची भाकर होईपर्यंत थांबा. महारोग इतक्यात जात नाही."

तव्यावर भाकरी पडली तेव्हा गेरू धुतला. अंग स्वच्छ. खुशालराव लांबूनच मान वाकडी करून पाहत होते, बाजारात बैल पाहावा तसे.

"आता पुन्हा नाही ना येणार?"

"येईल की. कधी उद्या, कधी चार महिन्यांनी. अंगाले काही घट्ट बांधलं की हमखास येईल. मले जन्मभर येऊन राहिलं, मी काय मेली? येते अन् जाते, व्याहीबुवा. तुमच्या कापसाच्या पैशावानी."

जमुना पदराआड हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असावी.

खुशालरावांनी कंबरपट्टा उचलला. "मंग एवढी चांदी घालायची कोणाले?"

"बैलाले घाला. शिंगं झालीच हायेत, कंबर राहिली."

दुसऱ्या लग्नाचं नाव कोणी काढलं नाही. देवीदास इतका वेळ बापाच्या पाठीमागं खांबासारखा उभा होता. तो पुढं आला, गेरूची वाटी उचलली आणि जमुनेच्या हाताशी येईल अशी कोनाड्यात ठेवली.

लग्न झाल्यापासून जावयाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.