चांदीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कोरगावातल्या एका वाड्यावरच्या अंगणवाडीत मी वाशाला टांगलेला असतो आणि आलेगेले मला खुंटी समजून छत्र्या अडकवतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला आतली स्प्रिंग जिवंत लागते.

माझा जन्म कारखान्यातला. गोल तबकडी, एक काटा, खाली हूक. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी इथे आलो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी हुकाला झोळी लावायची, झोळीत बाळ बसवायचं आणि मी वजन सांगायचं. अंगणवाडीच्या विनोदिनीबाई ते कार्डावर मांडत.

सुलोचनाची गौरवी पहिल्यांदा झोळीत बसली तेव्हा सहा महिन्यांची होती. साडेसहा किलो भरली. सुलोचनाचं घर शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि बाकी वाडा नुस्तं, म्हणजे मासे, खाणारा. शेजारची शालिनी तिथेच म्हणाली, "नुस्त्याच्या कढयेबगर पोर कसां वाढतलां गो?" ते सुलोचनाला लागलं. घरचा आचार न मोडता पोर वाढवून दाखवायची, असं तिने मनात धरलं.

पुढच्या महिन्यात चार बायकांची दृष्ट लागू नये म्हणून तिने गौरवीच्या गळ्यात चांदीची साखळी घातली. त्याच्या पुढच्या महिन्यात आजोळचे वाळे आले. मग मामाने दिलेला करगोटा कमरेला चढला. दृष्टीसाठी घातलेलं काढायचं नसतं, म्हणून वजनालाही कोणी काढलं नाही. साखळी शंभर ग्रॅम, वाळे शंभर, करगोटा दोनशे. दर महिन्याला माझा काटा थोडा पुढे सरके, कार्डावरची रेघ वर चढे. विनोदिनीबाई सुलोचनाला शाबासकी देत आणि माझंही कौतुक करत, काटा कसा चोख म्हणून. चोख होतोच मी. झोळीत काय आहे ते मी कधी विचारलं नाही, नुसती बेरीज सांगितली.

पाचव्या वेळी झोळीत बसवताना गौरवीच्या पायांतून दोन्ही वाळे घसरून जमिनीवर पडले. विनोदिनीबाईंनी करगोटा आणि साखळीही उतरवली आणि तिला पुन्हा बसवलं. काटा आला साडेसहावर. चार महिन्यांत पोर तसूभर भरली नव्हती. सुलोचनाने जमिनीवरचे वाळे उचलले.

"काय देतंस गो तिका?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"पेजेची निवळ आणि डाळीचां वयलां पाणी. घट सोसूचां नाय म्हणान."

"आता तरी नुस्तां घाल!" शालिनी म्हणाली.

"नुस्तां खातत त्या घरांनीय निवळ दिली तर पोरां सुकतत," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पाण्यान पोट भरता गो, आंग भरणा नाय. शितां खंय गेली, डाळ खंय गेली?"

शितं आणि डाळ मोठ्यांच्या ताटात गेली होती. पोर नाजूक, म्हणून तिच्या वाट्याला वरचं पाणी आलं होतं. तेही मायेनेच.

त्याच दिवशी सुलोचना तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. अंगावरचं दूध चालूच राहिलं, आणि दिवसातून चार-पाच वेळा कुस्करलेली मूगखिचडी वर तुपाची धार सोडून, सालं काढून मऊ शिजवलेले चवळीच्या जातीचे अळसांदे, गुळातली नाचणीची खीर, म्हणजे तिजाण, केळं, दही असं सुरू झालं. पुढच्या वेळेपासून सुलोचना झोळीपाशी येताच पोरीच्या अंगावरचा काळा दोरासुद्धा सोडून मुठीत धरी. तीन महिन्यांनी साडेसात किलो भरले. सुलोचना रडली. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाळ्यांच्या त्या आवाजानंतर माझ्यातलं काहीतरी सैल पडलं ते पडलंच.

पुढे शेकडो मुलं तोलून माझी स्प्रिंग मेली. बॅटरीचा काटा आला. मला काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

परवा गौरवी आपल्या मुलाला घेऊन आली. तोही शिवराकच, आणि चांगला दणदणीत. सोबत सुलोचना होती, केस पांढरे झालेली. नव्या काट्यावर ठेवण्याआधी तिने नातवाच्या अंगावरची चांदी उतरवली, जागा शोधली आणि माझ्या हुकाला अडकवली. तीच साखळी, तेच वाळे, तोच करगोटा.

माझा काटा शून्यावरून हलला नाही. पोराच्या वाढीत चांदीचं वजन किती, हे एकदा तरी मी बरोबर सांगितलं.

मित्रांनो, घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्या वाटीत बघा. नुसती निवळ दिसली, तर तळाची शितं त्याला आधी वाढायला सांगा.