सहाशे सतरा

मी एक जुना वाळा आहे. माणसाच्या नव्हे, पाखराच्या पायातला. ॲल्युमिनियमचा, मुगाच्या दाण्याएवढा. अंगावर आकडा कोरलेला : ६१७. मित्रांनो, घाटात विजेची रेल्वेगाडी नुकतीच धावू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या घाटाखालच्या कडाव गावात रमजानचाचा राहत. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, घरात एकटेच. थंडीत भात कापलेल्या शेतांत शेपटी हलवत धोबी पक्षी येतात. दरवर्षी तेच पक्षी परत येतात, असं चाचांना वाटे. गाव हसे. म्हणून चाचा जाळ्यात पक्षी धरत, पायात वाळा चढवत, आकडा लिहून ठेवत आणि पक्षी सोडून देत. त्यातला एक तरी वाळा पुन्हा हाती यावा, एवढाच त्यांचा ध्यास होता.

एका धोब्याच्या पायात मला चिमट्याने मिटवताना त्यांनी श्वास रोखून धरला. मग ओंजळ उघडून म्हणाले, "जातो म्हणू नको रे. येतो म्हण."

आम्ही उत्तरेला गेलो. बर्फाचे डोंगर पाहिले. माझ्यासारखा दुसरा वाळा कुठेच दिसला नाही. पुढच्या थंडीत पक्षी नेमका त्याच शेतात उतरला. आता चाचा भेटणार, या आनंदात मी होतो. पण त्याआधी पक्षी फासात अडकला.

फास सोमीचा. ती डोंगरातल्या वाडीवरची. बरोबर तिची जाऊ कोंडी.

"कोंडे, हिच्या पायात जोडवं हाय गं!"

"मंग कुणाची तरी लेक असंल. म्हायेराला आली."

"म्हायेरवाशिणीला शिजवायची व्हय? जा गं बाई, आईला भेट."

तिने मूठ उघडली. तेवढ्यात चाचा बांधावरून आले. सोमीने हसत हसत सगळं सांगितलं. चाचांच्या हातातली काठी गळून पडली.

"आकडा काय होता, पोरी?"

"जोडव्यावर काय वाचायचं, चाचा? आन् आमाला कुटं वाचाया येतंय?"

"पर आली ना ती?" कोंडी म्हणाली.

चाचा आजूबाजूच्या पाखरांचे पाय निरखू लागले. मी समोरच्याच बांधावर होतो. ते पुढे सरकले आणि पक्षी उडाला.

माघात एका शिकऱ्याने, छोट्या शिकारी पक्ष्याने, तो धोबी उचलला. मी बांधाच्या मातीत पडलो. चाचा रोज सकाळी तिथून जात. पाखरांचे पाय निरखत. स्वतःच्या पायांपाशी कधी पाहत नसत. एकदा त्यांची काठी माझ्या अगदी शेजारी टेकली. पुढे काठीचा आवाज येईनासा झाला. माझ्यावर वालाच्या वेली पसरल्या.

मित्रांनो, पाखराच्या पायात वाळा दिसला तर त्याला सोडाच. पण आधी आकडा वाचा आणि कुणाला तरी सांगा.

माझा आकडा सहाशे सतरा. मी परत आलो होतो.