कारागीर : अज्ञात

कल्याणच्या खाडीकाठी, जुन्या बंदराच्या गोदामात, एक लोकजीवन संग्रहालय आहे. तिथे फारसं कुणी येत नाही, त्यामुळे शिस्त उत्तम आहे. अधीक्षक सुदेश कर्णिक यांना त्रास एकच. सतरा नंबरच्या कपाटाच्या काचेवर रोज सकाळी, दार उघडण्यापूर्वीच, तेलकट डाग असायचा. त्यांनी 'काचेस स्पर्श करू नये' ही पाटी आणखी मोठी करून लावली. डागाने ती वाचली नसावी.

शेवटी एके दिवशी ते तासभर लवकर आले. झाडूवाल्या हौसाबाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या.

"बाई, हे देऊळ नाही."

"ठावं हाय, साहेब. पन ही फली माझ्या बापसाची हाय."

काचेमागे मीठ ओढायची लांब दांड्याची फळी होती. खालच्या चिठ्ठीवर देणाऱ्या गृहस्थांचं नाव पदव्यांसकट होतं. त्याखाली, 'कारागीर : अज्ञात.' एकशे बारा चिठ्ठ्यांवर कर्णिकांनीच तो शब्द टाइप केला होता. रकाना रिकामा बरा दिसत नाही, शिवाय त्या शब्दाने वस्तूला वजन येतं.

"अशा फळ्या शेकडो असतील," ते म्हणाले.

"म्हनून तर मिठागरावर ज्याची त्याची खून असायची. ही बापसानं सवताच्या हातानं केलेली, त्याच्या तीन उभ्या खाचा, एक आरवी. आनि मागं जललेला डाग. मी ल्हान असताना चुलीपाशी ठेवलेली, मार खाल्लेला मी."

कर्णिकांनी कुलूप काढलं. खाचा समोरच होत्या. त्यांच्या नोंदवहीत त्या 'नक्षीकाम' होत्या. मग त्यांनी फळी प्रथमच उलटली. रुपयाएवढा काळा डाग.

"तीन वर्षं झाली तुम्हाला इथे. बोलला नाहीत कधी?"

"तुमी इचारलंत कवा? फिनेल संपला का, येवढंच इचारता." हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "घर रस्त्यात गेला. बापसाचा फोटो नाय. त्याचं म्हनून येवढंच ऱ्हायलंय, नि नातीनं वाचून दावलं, त्यावर लिवलंय, कोन ते ठावं नाय."

कर्णिक खुर्चीत बसले. वस्तूंचं वय, लाकूड, लांबी-रुंदी सगळं त्यांनी मोजलं होतं. विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"नाव सांगा."

"राघो भोईर."

दुपारी नवी चिठ्ठी लागली : 'कारागीर : राघो भोईर, मिठागर कामगार. माहिती : हौसाबाई, त्यांची कन्या.' उरलेल्या एकशे अकरा वस्तूंची यादी घेऊन कर्णिक पुढच्याच रविवारी खाडीकाठच्या गावांत निघाले, हौसाबाईंना पुढे घालून.

चिठ्ठी लागल्याच्या दुसऱ्या दिवशीही काचेवर डाग होताच. कर्णिकांनी फडकं उचललं, मग खाली ठेवलं. हौसाबाईंनी ते घेतलं आणि काच लख्ख पुसली. "माझी ड्युटी हाय ती."

वाचकहो, आपण ज्याला अज्ञात म्हणतो, त्याला ओळखणारं माणूस बहुतेक वेळा आपल्याच इमारतीत केर काढत असतं. आपण त्याला विचारलेलं नसतं, इतकंच.